दिसलं काय आणि वाटलं काय: आकाशात अनोळखी काही दिसलं तर

रात्री गच्चीवर उभं असताना आकाशात असं काही दिसतं की बोलता बोलता शब्द तोंडातच राहतो. विमान म्हणावं तर आवाज नाही, तारा म्हणावा तर सरकतोय. दुसऱ्या दिवशी कुणाला सांगायला जावं, तर काही जण हसतात आणि बाकीचे 'परग्रहावरचेच असणार' म्हणून मोकळे होतात. या दोघांपैकी कुणीच तुमचं पुरतं ऐकून घेतलेलं नसतं.

यूएफओ म्हणजे ओळख न पटलेली उडती वस्तू. एवढाच त्याचा अर्थ. ओळख पटवायचा प्रयत्न झाल्याशिवाय ती 'न पटलेली' तरी कशी म्हणायची? म्हणून हा लेख दोघांसाठी आहे: ज्यांना स्वतःला असं काही दिसलंय त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्याकडे कुणी विश्वासाने असं काही सांगायला आलंय त्यांच्यासाठी. मी अनेक वर्षं लोकांची अशी वर्णनं लिहून घेतोय आणि त्यातून माझ्या हाती एकच सवय लागली आहे. दिसलं काय आणि वाटलं काय, हे पहिल्या मिनिटापासून वेगळं ठेवायचं. 'तांबूस ठिपका होता' हे दिसलं. 'खूप उंचावर होता' हे वाटलं. दोन्ही प्रामाणिकच असतात, पण छडा लावता येतो तो पहिल्याचा.

समोर दिसत असताना

आधी घड्याळ बघा. फोन हातात असेल तर वेळेचा स्क्रीनशॉट घ्या, एका सेकंदात काम होतं आणि मग आठवणीवर विसंबावं लागत नाही. दिसेनासं झालं की पुन्हा वेळ बघा. साक्षीदारांचे कालावधीचे अंदाज सगळ्यात जास्त चुकतात. घाबरलेल्या माणसाला अर्धं मिनिट पाच मिनिटांसारखं लांबतं.

मग जागचे हलू नका. भिंतीला किंवा खांबाला पाठ टेका आणि तो प्रकाश कुठल्या तरी स्थिर वस्तूशी जुळवून बघा, म्हणजे इमारतीचा कोपरा, विजेचा खांब, झाडाचा शेंडा. याला कारण आहे. काळोखात एकट्या ठिपक्याकडे टक लावली की तो स्थिर असला तरी हलल्यासारखा, हेलकावे खाल्ल्यासारखा दिसतो. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टसारख्या कसलेल्या निरीक्षकाला १७९९ मध्ये तारे असेच डोलताना दिसले होते. ते डोलणं ताऱ्यांचं नसून डोळ्यांचं असतं, हे पुढे बऱ्याच काळाने उमगलं. खांबाच्या कडेशी जुळवलेला ठिपका खरंच सरकला तर लगेच कळतं, नाही सरकला तर तेही कळतं.

आता हात पुढे ताठ करा. ताठ हाताच्या करंगळीची रुंदी आकाशात साधारण १ अंश भरते, बंद मूठ १० अंश आणि पूर्ण ताणलेली वीत २० अंशांच्या आसपास. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंशच असतो, म्हणजे करंगळीखाली अख्खा लपतो (करून बघा, पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही). क्षितिजापासून किती मुठी वर आणि करंगळीच्या मानाने केवढा, हे दोन आकडे मिळाले की 'बसएवढा होता', 'हजार फुटांवर होता' असल्या अंदाजांची गरज उरत नाही. अंतर माहीत नसताना आकार कळत नाही, आणि आकार माहीत नसताना अंतर कळत नाही. डोळा मात्र दोन्ही ठोकून देतो आणि ते इतक्या खात्रीने देतो की आपल्याला शंकाही येत नाही.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे हे सगळं ज्याच्यापासून सुरू झालं तो केनेथ अर्नोल्ड. २४ जून १९४७ रोजी अमेरिकेत माउंट रेनियरजवळ स्वतःचं छोटं विमान उडवत असताना त्याला नऊ चकाकत्या वस्तू रांगेने जाताना दिसल्या. त्याने घाबरून न जाता दोन डोंगरांच्या खुणा धरल्या, रेनियर आणि अ‍ॅडम्स, आणि विमानातल्या घड्याळावर वेळ मोजली: १ मिनिट ४२ सेकंद. साक्षीदाराने याहून चांगलं काय करावं! पण वेग काढायचा तर त्या वस्तू किती दूर होत्या हे ठरवावं लागतं, आणि ते अंतर त्याच्या अंदाजाचं होतं. त्याच्या घड्याळावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो. तासाला हजार मैलांच्या वर निघालेला त्याचा वेग मात्र मी 'वाटलं'च्या बाजूला लिहितो. पुढे काय झालं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. पाण्यावरून बशी भिरकावली तर ती जशी टप्पे घेत जाईल तशा त्या जात होत्या, असं त्याने चाल सांगण्यासाठी म्हटलं. वर्तमानपत्रांनी तो आकार समजून 'उडत्या बशा' करून टाकल्या आणि त्यानंतर लोकांना बशाच दिसायला लागल्या.

शेजारी कुणी असेल तर हाक जरूर मारा, पण 'ती बघ तबकडी' असं म्हणू नका. 'तिकडे बघ आणि काय दिसतंय ते मनात ठेव' एवढंच म्हणा. वारा कुठून कुठे वाहतोय ते बघा. आवाज येतोय का, कुत्री भुंकताहेत का, ढग आहेत का, असले तर प्रकाश ढगांच्या पुढून जातोय की मागून, हे टिपा. ढगामागे किंवा फांदीमागे लपलेला प्रकाश हा अंतराचा खरा पुरावा असतो, कारण ती वस्तू त्या ढगाच्या किंवा फांदीच्या पलीकडे आहे एवढं तरी पक्कं होतं.

एक सावधगिरी. डोळे दिपवणारा मोठा झोत आकाशातून गेला तर धावत खिडकीपाशी जाऊ नका. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली तेव्हा प्रकाश पाहून लोक काचांशी गोळा झाले. धक्क्याची लाट एक-दोन मिनिटांनी पोचली आणि सुमारे दीड हजार माणसं जखमी झाली, बहुतेक फुटलेल्या काचांनी. प्रकाशानंतर आवाज किती सेकंदांनी आला ते मोजा, पण काचेपासून लांब राहून. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर.

फोनमधलं चित्रण

फोन काढायचाच तर चौकटीत खांब, छप्पर, खिडकी असं काहीतरी स्थिर येऊ द्या, झूम करू नका आणि शक्य असेल तर फोन कशावर तरी टेकवा. काळ्या पडद्यावरचा एकटा पांढरा ठिपका तपासाच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी असतो. झूम केला की फोकस सुटतो आणि ताऱ्याची चांगली गरगरीत तबकडी होते, कडांसकट. तो आकार वस्तूचा नसून भिंगाच्या छिद्राचा असतो. चौकटीत दिवा किंवा सूर्य असेल तर चित्राच्या मध्याच्या बरोबर समोरच्या बाजूला उमटलेला हिरवट डाग भिंगातल्या परावर्तनाचा असतो, आणि प्रत्यक्ष डोळ्यांनी काहीच न दिसता नंतर फोटोत आढळलेली लांबट पट्टी बहुधा भिंगासमोरून गेलेला किडा किंवा पक्षी असते.

मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवलेली प्रत दाबून लहान केलेली असते आणि तिच्यातली वेळ, कॅमेऱ्याची माहिती बहुतेक वेळा गळून पडलेली असते.

त्याच रात्री, कुणाशीही बोलण्याआधी

कागद घ्या, मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. जिथे उभे होता तिथून दिसणारं दृश्य रेखाटा, चित्रकला येत नसली तरी चालेल. छपराची कड, झाड आणि त्यांच्या संदर्भात प्रकाशाचा मार्ग, बाणासकट. खाली तारीख आणि सही. त्यानंतर आठवेल ते वेगळ्या पानावर, आठवल्याच्या वेळेसह. पहिलं पान पुन्हा दुरुस्त करायचं नाही, अक्षर वाईट आलं म्हणून पुन्हा उतरवायचंही नाही.

दोघांनी-तिघांनी मिळून पाहिलं असेल तर प्रत्येकाने आपापला कागद आधी लिहावा आणि मगच चहाला एकत्र बसावं. एकदा गप्पा झाल्या की सगळ्यांच्या आठवणी एकमेकींत मिसळतात, आणि मग तीन साक्षीदार असूनही साक्ष एकच उरते.

दुसऱ्याची हकिगत ऐकताना

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या धडकेची चित्रफीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता. काहींना सौम्य क्रियापद वापरून तेच विचारलं. 'आदळल्या' ऐकणाऱ्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं की फुटलेली काच दिसली होती का. काच मुळात फुटलेलीच नव्हती. तरी 'आदळल्या' गटातल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं, सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. एका क्रियापदाने एवढं होतं.

म्हणून 'यान किती मोठं होतं?' असं विचारायचं नाही. 'यान' हा शब्द तुम्ही दिलात. आधी 'सुरुवातीपासून सांगा, मी मध्ये बोलणार नाही' म्हणून गप्प बसायचं. खरंच गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. दुसऱ्या फेरीत बारकावे: पहिल्यांदा लक्ष कशामुळे गेलं? तेव्हा तुम्ही काय करत होता? शेवटी कसं दिसेनासं झालं: विझलं, झाडामागे गेलं, की तुम्हीच नजर काढलीत? लक्ष कसं गेलं आणि कसं संपलं, या दोन उत्तरांत अर्धा तपास असतो.

आणि माणसाचा मान राखा. खगोलशास्त्रज्ञ जे. अ‍ॅलन हायनेक अमेरिकी हवाई दलाचे सल्लागार होते. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमधल्या प्रकाशांबद्दल पत्रकारांनी घेरल्यावर त्यांनी दलदलीतल्या वायूची शक्यता बोलून दाखवली. तेवढे दोन शब्द देशभर गाजले, चेष्टेचा विषय झाले आणि साक्षीदारांना वाटलं की आपल्याला वेड्यात काढलं. हेच हायनेक पुढे या नोंदी गंभीरपणे अभ्यासाव्यात म्हणून आग्रह धरू लागले. त्यांच्याकडून मी धडा घेतला तो हा: तपास पुरा होण्याआधी साक्षीदाराच्या तोंडावर उत्तर फेकू नये, ते बरोबर असलं तरी.

पुन्हा त्याच जागी, त्याच वेळी

या पायरीला जेवढा वेळ द्याल तेवढा थोडा. एका निवृत्त शिक्षिकेने मला सांगितलेली हकिगत अशी होती: रात्री शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर लाल, हिरवा, पांढरा असे रंग पालटणारं काहीतरी तरंगत होतं, मध्येच डावी-उजवीकडे झुकायचं आणि वीसेक मिनिटांनी ते टाकीमागे उतरलं. त्या रात्री त्या झोपल्या नव्हत्या. आम्ही रेघ मारलेला कागद घेऊन बसलो. 'उतरलं' हा शब्द कुठल्या बाजूला लिहायचा, यावर त्या बराच वेळ विचार करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "दिसेनासं झालं, एवढंच दिसलं." सुरुवातीला टाकीपासून किती वर होतं, ते हाताने दाखवायला सांगितलं. त्यांनी हात ताठ केला आणि अर्धी मूठ दाखवली.

दुसऱ्या रात्री आम्ही दोघं त्यांच्या गच्चीवर, त्या उभ्या होत्या त्याच फरशीवर, अर्धा तास आधी जाऊन थांबलो. ठरल्या वेळेच्या सुमारास टाकीच्या वर, अर्ध्या मुठीवर, तो होता. लाल, हिरवा, पांढरा. व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. क्षितिजाजवळ आला की त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो आणि हलत्या हवेत रंग फुटून असा लखलखतो. तारे आकाशात तासाला १५ अंश सरकतात, म्हणजे वीस मिनिटांत ५ अंश, अर्धी मूठ. रोज तारा आदल्या दिवशीपेक्षा सुमारे चार मिनिटं लवकर त्याच जागी येतो, आणि आमच्या घड्याळातही तसाच फरक पडला.

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मी खोटं सांगितलं का हो?" मी म्हटलं, "नाही बाई. तुम्ही सांगितलेलं रंग, उंची, वेळ सगळं तंतोतंत खरं निघालं, म्हणून तर तारा सापडला." मी त्यांची समजूत काढत नव्हतो. ढिसाळ साक्षीदाराचा तारा असा सापडत नाही.

दुसऱ्या रात्री तिथे काहीच नसेल, तर तारे आणि ग्रह बहुतेक बाद झाले. तीही मोठी कमाई आहे.

नेहमीचे संशयित

आता संगणकावर बसा. स्टेलेरियम या आकाशाच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जागा, तारीख, वेळ घातली की त्या क्षणीचं आकाश मिळतं. हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर उपग्रहांचे मार्ग. फ्लाइटरडार२४ सारख्या ठिकाणी नुकतीच गेलेली विमानं, फक्त लष्करी विमानं तिथे दिसतीलच असं नाही. मी पहिली चाळणी कालावधीची लावतो.

दोन-चार सेकंदांत संपलं तर उल्का. दोन ते सहा मिनिटं, एकसारखा पांढरा, न लुकलुकणारा, एका दिशेने शांतपणे जाणारा प्रकाश बहुधा उपग्रह. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवरून जातं आणि पुष्कळदा सगळ्या ताऱ्यांहून तेजस्वी दिसतं. आकाशाच्या मध्यावर येऊन ते 'अचानक विझलं' असं लोक सांगतात तेव्हा ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं. मोत्यांच्या माळेसारखी ओळीने चाललेली ठिपक्यांची रांग म्हणजे नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह. मे २०१९ मध्ये पहिले ६० सोडले तेव्हापासून अशा नोंदींचा ओघच सुरू झाला. दोन-दोन तास पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला ढळढळीत चमकणारा आणि गाडीतून जाताना 'पाठलाग करणारा' प्रकाश शुक्राचा. तुमच्याच दिशेने येणाऱ्या विमानाचा उतरण्याचा दिवा कित्येक मिनिटं एका जागी टांगल्यासारखा दिसतो. विमान वळलं की तो गायब होतो, आणि मग लाल-हिरवे दिवे शोधायचे. नारिंगी, आवाज न करणारे, वाऱ्यासोबत जाऊन एकेक करून विझणारे ठिपके हवेत सोडलेल्या कागदी कंदिलांचे असतात. दिवसा उंच आकाशात चमकणारा, जवळपास स्थिर ठिपका असेल तर हवामानाचा फुगा तपासा: जगभरची केंद्रं ते दिवसातून दोनदा ठरल्या वेळी सोडतात आणि ते ३० किलोमीटरच्या आसपास पोचतात. खालचा वारा आणि त्या उंचीवरचा वारा वेगवेगळ्या दिशांचा असू शकतो, एवढं ध्यानात असू द्या.

एक-दोन मिनिटं चालणारी, जळत्या तुकड्यांची आडवी मिरवणूक म्हणजे वातावरणात परतणारा उपग्रहाचा किंवा रॉकेटचा कचरा. याबद्दल जरा थांबून सांगतो. ३ मार्च १९६८ च्या रात्री अमेरिकेतल्या अनेक राज्यांवरून असे तुकडे गेले, सोव्हिएत झोंड ४ मोहिमेचे. खूप जणांनी अगदी नीट वर्णन दिलं: प्रकाशाचे ठिपके, मागे शेपट्या, एकाच दिशेने. पण काहींना लांबट सिगारच्या आकाराचं एकसंध यान दिसलं, त्याला ओळीने उजळलेल्या चौकोनी खिडक्या होत्या, आणि ते फारसं उंचावरही नव्हतं. प्रत्यक्षात तुकडे वातावरणाच्या वरच्या थरात, कित्येक किलोमीटर उंच होते. यात कुणी थाप मारली नव्हती. काळोखात ठिपके एका लयीत सरकले की मन त्यांच्या मधली जागा भरून काढतं आणि ठिपक्यांच्या खिडक्या होतात. म्हणून 'मोठं काळं त्रिकोणी यान, कोपऱ्यांवर दिवे' असं कुणी सांगितलं की मी एकच विचारतो: मधल्या काळ्या भागामागे तारे झाकले गेले होते का? हो असेल तर तो कागद मी वरच्या खणात ठेवतो.

नोंद कशी मिटवायची

फ्रान्सच्या अवकाश संस्थेत १९७७ पासून या नोंदींसाठी एक विभाग आहे, आज त्याचं नाव जेपान. त्यांची प्रतवारी मी वापरतो. अ: ओळख पक्की पटली. ब: बहुधा पटली. क: माहितीच अपुरी, निर्णय अशक्य. ड: माहिती चांगली, तपास पुरा, तरीही ओळख पटली नाही. नवखा माणूस क आणि ड यांची गल्लत करतो. 'काय होतं कळलं नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि गूढ म्हणून मिरवणाऱ्या पुष्कळशा गोष्टी मुळात क मधल्या असतात.

पण ड हा वर्ग आहे, हेही मी तेवढ्याच ठामपणे सांगतो. अमेरिकी हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकने, म्हणजे यूएफओच्या नोंदी तपासणाऱ्या प्रकल्पाने, १९६९ मध्ये काम थांबवलं तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ ओळखीविना उरल्या होत्या. नासाच्या अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेल्या अहवालात परग्रहाशी जोडणारा पुरावा आढळला नसल्याचं म्हटलं, आणि त्याच वेळी उपलब्ध माहितीचा दर्जाच कमी पडतो यावर बोट ठेवलं. तुमच्या नोंदीखाली 'ओळख पटली नाही' एवढं लिहा. त्यापुढे 'म्हणजे' जोडू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

अहवालात मूळ कागद, रेखाटन, मूळ फाइल, तपासलेल्या आणि बाद केलेल्या शक्यता, प्रत्येक शक्यता का बाद केली, हे सगळं ठेवा. साक्षीदाराचं नाव त्याच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर जाऊ देऊ नका; मी नावाच्या जागी आकडा घालतो आणि यादी वेगळी ठेवतो. मग कागद जपून ठेवा. जेपान जुन्या ड नोंदी नव्याने तपासते आणि त्यांतल्या काहींची ओळख कित्येक वर्षांनी पटते.

माझ्याकडे एक क आहे. नारिंगी ठिपके, संख्या पाच, आवाज नाही, सहा मिनिटं, दोन साक्षीदार, दोघांची रेखाटनं जुळणारी. दर वर्षी मी तो कागद काढून बघतो. ठिपक्यांची दिशा लिहिलेली आहे, वाऱ्याची दिशा मी त्या दिवशी विचारली नव्हती.